नागिणीनंतरचा ठणका आणि गॅबापेंटिन: आईला ही गोळी देताना काय सांभाळू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, सांगलीत माझ्याजवळच असते. गणपतीत तिला नागीण झाली, उजव्या छातीखालून थेट पाठीपर्यंत. पहिले चार दिवस "घामोळं असेल, गेरू लावते" यात गेले. फोड तीन आठवड्यांत वाळले, खपल्या पडल्या, पण दुखणं तिथेच राहिलं. आता दिवाळी तोंडावर आली तरी ब्लाउजचं कापड लागलं की ती कळवळते. रात्री पलंगावर बसून काढते. म्हणते, "आतून कुणीतरी तापलेली सुई ओढतंय."

डॉक्टरांनी गॅबापेंटिन ३०० लिहून दिलंय. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवसापासून तीन. आज नववा दिवस. ठणका थोडा उतरलाय हे तीच सांगते. पण शेजारच्या काकूंनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि सांगितलं की ही तर फिटची गोळी, त्यांच्या भाच्याला हीच चालू आहे. तेव्हापासून आई अडून बसली आहे, "मला कुठे फिट येतात? दुसऱ्या कुणाचं औषध आलंय माझ्या वाट्याला." शिवाय दुपारी जेवण झालं की तिला झापड येते. काल उठताना भिंतीला धरून उभी राहिली तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं.

तिला बीपीची आणि शुगरची गोळी आहे. ॲसिडिटीचं गुलाबी जेल ती वाटेल तेव्हा पिते. डॉक्टर सोमवारी भेटतील. डोस मी मनाने बदलणार नाही. पण जाताना काय विचारायचं आणि घरात काय सांभाळायचं, हे ज्यांनी ही गोळी घेतली किंवा घरच्यांना दिली त्यांच्याकडून ऐकायचंय.

रानजाई
ताई, आईंना सांगा की गोळी त्यांचीच आहे. माझ्या बाबांचे तळपाय डायबेटिसमुळे रात्रभर जळायचे, पायावर पांघरूण सहन व्हायचं नाही. तीन महिने माणूस घरात कुणाशी धड बोलला नाही. गॅबापेंटिन लागू पडलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायला लागले. आमच्याकडे तिचं नावच गप्पापेंटिन पडलंय.

औषधवाला
गप्पापेंटिन! उद्या दुकानात सगळ्यांना सांगतो.

कृष्णाकाठ ताई, तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे आणि तुमच्या आईंचा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. त्यांना असं सांगून पाहा. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींनी गरज नसताना एकदम संदेश सोडणं. नागिणीनंतरचा ठणका म्हणजे दुखावलेल्या नसेने जखम भरल्यावरही संदेश सोडत राहणं. दोन्हीकडे जास्त बडबड करणाऱ्या पेशीला थोडं गप्प करायचं असतं. ही गोळी पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या दारावर जाऊन बसते, त्यामुळे दुखण्याचा निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात. अमेरिकेत १९९३ साली ती फिटसाठी मंजूर झाली आणि २००२ साली नेमक्या तुमच्या आईंच्या दुखण्यासाठी, म्हणजे नागिणीनंतरच्या ठणक्यासाठी. तेव्हा चूक झालेली नाही.

आता गुलाबी जेल. त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. ते गॅबापेंटिनबरोबर पोटात गेलं तर गोळी नीट शोषली जात नाही, साधारण पाचवा हिस्सा वाया जातो. जेल प्यायल्यावर निदान दोन तास थांबून मग ही गोळी द्या. गोळी जेवणाआधी की नंतर याने मात्र काही बिघडत नाही.

आणि पाकिटावर गॅबापेंटिन या नावापुढे आणखी काही लिहिलंय का ते बघा. आपल्याकडे जोडगोळ्या फार आहेत. नावाच्या शेवटी 'एनटी' असेल तर आत नॉरट्रिप्टिलीन हे दुसरं औषध असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, काचबिंदू असलेल्यांना त्रास होऊ शकतो. पेशंट म्हणतो "मी एकच गोळी घेतो", आणि पोटात दोन औषधं गेलेली असतात.

निळी छत्री
माझं मत वेगळं आहे. म्हाताऱ्या माणसांना ही गोळी देऊच नये. सासूबाईंना गुडघ्याखाली मुंग्या येतात म्हणून सुरू केली. पाचव्या रात्री बाथरूमला उठल्या, तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, तीन महिने अंथरूण. मुंग्यांनी माणूस मरत नाही, पडल्याने सगळं घर बसतं. आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं की गरगरेल म्हणून.

दवाखान्यातून
निळी छत्री, तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. तुमचा राग रास्त आहे. चक्कर, झापड, तोल जाणं हे या औषधाचे सगळ्यात जास्त दिसणारे परिणाम आहेत आणि चिठ्ठी हातात देण्याआधी ते सांगणं हे आमचं काम आहे.

पण "देऊच नये" इथपर्यंत मी येणार नाही. रोज रात्री बसून काढणारी ७४ वर्षांची बाईही झिजतेच. झोप नाही, जेवण नाही, बीपी वर. प्रश्न किती द्यायची आणि किती हळू चढवायची हा आहे. एक-दोन-तीन हा क्रम पुस्तकातला आहे, पण तो धडधाकट किडनीच्या माणसासाठी. गॅबापेंटिनचं यकृतात काहीही होत नाही. जसं पोटात गेलं तसंच ते किडनीतून लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर कालची गोळी अंगात असतानाच आजची पडते आणि साठत जाते.

म्हणून कृष्णाकाठ, मला एकच सांगा. आईंचं वजन किती आणि रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, किती?

कृष्णाकाठ
वजन ४८ किलो. फाइल काढली. ऑगस्टमधल्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.३, पुढे एक छोटी चांदणी छापली आहे, बाकी काही नाही. तेव्हा आम्हाला कुणी काही म्हटलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

दवाखान्यातून
ती चांदणी फसवी असते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. बारीक, वयस्क बाईच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी निम्म्यावर आली तरी आकडा जेमतेम रेषेबाहेर जातो. डोस ठरवताना किडनी किती काम करते याचा जुना हिशेब वापरतात: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा. खाली ७२ गुणिले क्रिएटिनिन. बाईंसाठी उत्तराला ०.८५ ने गुणायचं.

गणिताचे मास्तर
करून टाकतो. १४० वजा ७४ म्हणजे ६६. ६६ गुणिले ४८ म्हणजे ३१६८. खाली ७२ गुणिले १.३ म्हणजे ९३.६. भागाकार ३३.८. त्याला ०.८५ ने गुणलं की २८.८. पण डॉक्टर, हा आकडा चांगला की वाईट?

दवाखान्यातून
धन्यवाद मास्तर. हिशेब बरोबर. हा आकडा ६० च्या वर असेल तर दिवसाला ९०० ते ३६०० मिलिग्रॅम चालतं. ३० ते ५९ असेल तर ४०० ते १४००. १५ ते २९ असेल तर दिवसभरात मिळून २०० ते ७००, आणि तेही एकदाच. कृष्णाकाठच्या आईंना ९०० चाललंय. दुपारची झापड आणि भिंत धरून उभं राहणं कुठून आलं ते यात दिसतं.

ताई, घाबरू नका आणि कृपा करून आज रात्री सगळं एकदम बंदही करू नका. सोमवारपर्यंत थांबू नका मात्र. सकाळी डॉक्टरांना फोन करा, वय, वजन, क्रिएटिनिन हे तीन आकडे वाचून दाखवा आणि चक्कर येते हे सांगा. मी इथून डोस ठरवणार नाही, रिपोर्टही दोन महिन्यांचा जुना आहे. तोवर आईंना रात्री एकटीला उठू देऊ नका. फार सुस्त वाटल्या, हाक मारून जाग्या होईनात, बोलणं अडखळायला लागलं, तर फोनची वाट न पाहता दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ
करते. आज तिच्या खोलीतच गादी टाकते.

झेंडूचं रान
"एकदम बंद करू नका" हे वाक्य वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी ठणक्यासाठी नाही, ज्यासाठी ही गोळी आधी आली त्यासाठीच घेतो. वय २८. नववीत असल्यापासून फिट्स. डाव्या हाताचा अंगठा थरथरायला लागतो, मग हात, आणि कधीकधी ती लाट सगळ्या अंगावर पसरते. माझी मुख्य गोळी वेगळी आहे, गॅबापेंटिन जोडीला, दिवसातून तीनदा.

तीन वर्षांपूर्वी मुलगी बघायला मामाकडे गेलो होतो. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, डबी बॅगेतून काढ, कुणी पाहिली तर स्थळ जाईल. मी काढली. चार दिवसांचा तर प्रश्न आहे असं वाटलं. पहिल्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी घाम, मळमळ, जीव सैरभैर. तिसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या न्हाणीघरात फिट आली. भुवईवर सहा टाके पडले. पाहुण्यांसमोरच मला रिक्षात घालून नेलं.

न्यूरॉलॉजिस्टने तेव्हा जे सांगितलं ते आजही पाठ आहे. ही गोळी रक्तात फार वेळ टिकत नाही, पाच ते सात तासांत निम्मी होते, म्हणून तीनदा घ्यायची. फिटवाल्यांनी दोन गोळ्यांमध्ये बारा तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. आणि कधी थांबवायची झालीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठवडाभरात हळूहळू कमी करत थांबवायची. हे ठणक्यासाठी घेणाऱ्यांनाही लागू आहे. आयुष्यात कधी फिट आली नसली तरी एकदम बंद केल्यावर येऊ शकते.

मग जिच्याशी लग्न झालं तिला पहिल्या भेटीतच डबी उघडून दाखवली. आता ती मला आठवण करते.

अबोली
झेंडू, शेवटची ओळ दोनदा वाचली. खूप शुभेच्छा तुम्हा दोघांना. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात पूर्वी फिट्सचा आजार लग्नाच्या आड येत होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्यातून गेला, पण आपल्या बैठकीच्या खोलीतून अजून गेला नाही.

गणिताचे मास्तर
माझ्या वर्गात एका मुलाला फिट आली होती. चार मुलं चपला घेऊन धावली, एकाने डब्यातला कांदा काढला, शिपाई चमचा घेऊन आला दातांत घालायला. मी सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं आणि मग काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. कुणी तरी नीट लिहा.

झेंडूचं रान
मास्तर, बाहेर काढलंत हेच मोठं काम केलंत. आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेला शर्ट, कॉलर सैल, आणि कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ आत जात नाही. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर लगेच हॉस्पिटल. कांद्याने फिट थांबत नाही. ती आपली आपणच थांबत असते आणि श्रेय कांदा घेऊन जातो.

दवाखान्यातून
फिटबद्दल एक जोड. सगळ्या फिट्स एका जातीच्या नसतात. गॅबापेंटिन झेंडूसारख्या, एका जागेपासून सुरू होणाऱ्या फिट्सना चालतं. लहान मुलं वर्गात दोन-चार सेकंद हरवल्यासारखी बघत राहतात ती फिट, किंवा अंगाला झटके बसतात ती, यांत ते उलट बाधू शकतं. त्यामुळे शेजारच्या भाच्याची गोळी दुसऱ्या कुणाच्या मुलाला देऊन बघायची नाही.

मँचेस्टरची मावशी
इथे इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९ पासून गॅबापेंटिन आणि तिची धाकटी बहीण प्रेगाबालिन दोन्ही नियंत्रित औषधांच्या यादीत गेली आहेत. चिठ्ठी २८ दिवसांत वापरली नाही तर रद्द. कारण लोक नशेसाठी घ्यायला लागले आणि अफूच्या जातीच्या औषधांबरोबर घेऊन श्वास बंद पडून माणसं गेली. मला मानेच्या नसेसाठी चालू आहे, नीट घेतलेली गोळी चांगलीच वाटते. पण दरवर्षी भारतात येते तेव्हा मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या सहज मिळतात, त्याचं मला भय वाटतं.

औषधवाला
मावशी, तुमचं म्हणणं मान्य, मी आमच्या धंद्याची बाजू घेणार नाही. पाकिटावर डावीकडे उभी लाल रेघ असते, तिचा अर्थच "चिठ्ठीशिवाय नाही" असा आहे. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हे रोजचं आहे. तरी माझ्याकडे ही गोळी मागायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारतो, खोकल्याचं कोडीनवालं औषध चालू आहे का, ट्रामाडोल हे अफूच्या जातीचं दुखण्याचं औषध चालू आहे का, झोपेची गोळी घेता का, रात्री दारू घेता का.

वैनगंगा
हे माझ्या वडिलांना कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबांनी चाळीस वर्षं बिड्या ओढल्या, आता फुप्फुसं गेली आहेत, पंप चालू आहे. कमरेसाठी एका डॉक्टरांनी ट्रामाडोलची गोळी दिली. पायाच्या जळजळीसाठी दुसऱ्यांनी गॅबापेंटिन दिलं. दोघांना एकमेकांची खबर नाही. आम्हीच नाही सांगितलं. काहून सांगावं, वेगळं दुखणं वेगळा डॉक्टर, असंच वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर बाबा उठेचनात. घोरणं वेगळंच, मध्ये मध्ये श्वास थांबायचा. ओठ निळसर. नागपूरला नेलं, दोन दिवस आयसीयूत ठेवलं, वाचले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अमेरिकेच्या औषध खात्याने डिसेंबर २०१९ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता: ज्यांची फुप्फुसं कमजोर, जे वयस्क, जे अफूच्या जातीचं दुखण्याचं औषध किंवा झोपेची गोळी घेतात, त्यांचा श्वास या गोळीने मंदावू शकतो.

आता आमच्या घरी बाबांच्या सगळ्या गोळ्यांची एकच वही आहे. कुठल्याही डॉक्टरकडे आधी वही, मग नाडी.

रानजाई
वैनगंगा दादा, अंगावर काटा आला. आज रात्री आमचीही वही सुरू करते.

टेकडीवरून
एक शंका. दुखणं जास्त असलं तर त्या रात्री दोन एकदम घेतल्या तर चालतं का? माझा मित्र तसं करतो.

औषधवाला
नाही. आणि मित्राला हेही सांगा की दुप्पट गोळीने दुप्पट काम होत नाही. आतड्यातून ही गोळी आत नेणारी वाट अरुंद आहे. दिवसाला ९०० घेतलं तर साधारण ६० टक्के अंगी लागतं, ३६०० घेतलं तर ३३ टक्केच. दुपारची चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी.

याच जागी आणखी एक. एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन नावं असतात. माझ्याकडे एक मावशी सकाळी एका नावाचं आणि रात्री दुसऱ्या नावाचं गॅबापेंटिन घेत होत्या, दोन डॉक्टरांनी दिलेलं. पाकिटावर मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं, त्याखाली बारीक अक्षरात असतं ते औषध. बारीक अक्षर वाचा. गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन एकाच घरातली, तेव्हा दोन्ही एका चिठ्ठीवर दिसली तर थांबून विचारा.

भाकरी-पिठलं
यापेक्षा बी-बाराची इंजेक्शनं घ्या, नसा सुधारतात. गॅबापेंटिन नुसतं झोपवतं. माझ्या काकांचं तेवढ्यानेच थांबलं.

दवाखान्यातून
काकांना बी-बारा कमी असेल तर त्याने बरं वाटणारच. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-बारा कमी होतं, शाकाहारी मंडळींचं मुळातच कमी असतं, तेव्हा पायात मुंग्या आल्या की ते तपासायलाच हवं. पण नागिणीच्या विषाणूने जाळलेली नस बी-बाराने शांत होत नाही.

नागिणीचा विषय निघालाच आहे तर हे वाचून जा. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू मणक्याजवळच्या नसेच्या गाठीत झोपून राहतो आणि उतारवयात एखाद्या नसेवाटे बाहेर येतो. नस शरीराच्या एकाच बाजूची, म्हणून पट्टा एकाच बाजूला असतो. "तोंडाला शेपूट मिळाली की माणूस दगावतो" या भीतीने लोक उतरवून घेण्यात दिवस घालवतात. त्या दिवसांचंच मोल असतं. विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर उपयोग जास्त. पन्नाशीपुढच्यांसाठी लसही भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे, पण ज्यांना जमेल त्यांनी डॉक्टरांशी बोलावं.

कृष्णाकाठ
गेरूचे ते चार दिवस आता रोज आठवतात.

अजून एक आजी
अगं कृष्णाकाठ, त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस. मीही लावला होता गेरू, आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचे.

मी ७१ वर्षांची. डोळ्याच्या वर, कपाळावर झाली होती नागीण. दोन वर्षं ही गोळी घेतली, आता बंद आहे. कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही ते सांगते. रात्री उठायचं झालं की आधी पलंगाच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, देवाचं एक नाव सावकाश घ्यायचं, मग उभं राहायचं. बाथरूमच्या वाटेवर बारका दिवा चालू ठेवायचा, पायपुसणं उचलून टाकायचं, तीच घसरतात. पहिले पंधरा दिवस गॅसजवळ एकटीने तळण करायचं नाही, विळीवर बसायचं नाही. मुलगा म्हणाला स्कूटरची किल्ली दे, दिली.

दुसऱ्या महिन्यात माझ्या पायातल्या जोडव्या रुतायला लागल्या. मला वाटलं वजन वाढलं. वाढलंही होतं, दोन किलो, पण घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राहायचा. डॉक्टर म्हणाले या गोळीने सूज येते, हृदय-किडनी तपासून डोस कमी केला, उतरली.

आणि एक गोष्ट फार उशिरा सांगितली मी. मधल्या काळात मन उगीच काळवंडून गेलं होतं. सगळं मिळालं, आता जगून काय करायचं, असं वाटायचं. दुखण्यानेच असेल म्हणून गिळत राहिले. शेवटी लेकीजवळ बोलले. तिने त्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की फिटच्या सगळ्याच औषधांबाबत असा इशारा आहे, आधी सांगायचं होतंत. आईला अधूनमधून विचारत जा गं, मनाला कसं वाटतंय. दुखतंय का, एवढंच सगळे विचारतात.

निळी छत्री
आजी, तुमचं वाचून थांबले जरा. दिवा आणि पायपुसणं. आमच्याकडे दोन्ही उलट होतं. वर "देऊच नये" लिहिलं ते रागात लिहिलं होतं. सांगितल्याशिवाय देऊ नये, हे मात्र कायम ठेवते.

वारीचा वाटसरू
उपासाचं कुणीच बोललं नाही. एकादशीला आमची आई दुपारची गोळी टाळते, पोटात अन्न नाही म्हणून.

औषधवाला
ही गोळी रिकाम्या पोटीही चालते, पाण्याबरोबर घेऊ द्या. पण निर्जळी असेल तर मोठ्या उपासाआधीच डॉक्टरांना विचारून वेळा बसवून घ्या. आपल्या मनाने एक गाळायची नाही. झेंडूची भुवई आठवा.

वारीचा वाटसरू
तिला झेंडूची गोष्ट वाचून दाखवली. म्हणाली, पांडुरंगाला गोळी चालते.

कृष्णाकाठ
मंडळी, अठरा दिवसांनी लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. डॉक्टरांनी तिन्ही आकडे ऐकले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत, हे मी आधी बघायला हवं होतं." मला त्यांच्याबद्दल आदर वाढला. क्रिएटिनिन पुन्हा करायला लावलं, १.३ च आलं. लघवीही तपासली. पट्टीवर प्रोटीन दिसलं तेव्हा मी घाबरले, तर ते म्हणाले की गॅबापेंटिन घेणाऱ्यांच्या पट्टीवर काही वेळा नसताना प्रोटीन दिसतं, दुसऱ्या पद्धतीने करू. केलं, नव्हतं.

गोळी एकदम बंद केली नाही. आधी दुपारची काढली, तीन दिवसांनी सकाळची. आता रात्रीची ३०० ची एकच राहिली आहे. जोडीला त्या जागेवर लावायचं बधिर करणारं मलम दिलंय. दुपारची झापड गेली. परवा ती स्वतः उठून तुळशीला पाणी घालून आली, मी मागे मागे होते पण धरावं लागलं नाही. ठणका पूर्ण गेलेला नाही. ती म्हणते, दहातला सहा आहे, आधी नऊ होता. सहावर झोप लागते, नऊवर लागत नव्हती.

जेल आता सकाळी अकराला, कपाटाच्या वरच्या फळीवरून मी काढून देते. वही सुरू केली आहे, पहिल्या पानावर वय, वजन, क्रिएटिनिन. बाथरूमच्या वाटेवर दिवा लावला, पायपुसणं काढलं. आणि आजी, मी तिला तुम्ही सांगितलं तसं विचारलं. ती खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुझे बाबा असते तर त्यांनी पाठीवर हात फिरवला असता." त्या जागेला हात लावता येत नाही, म्हणून आता रोज रात्री डाव्या बाजूने पाठ चोळून देते.

पुढचं क्रिएटिनिन महिन्याने आहे. आकडा इथे टाकेन, मास्तरांनी हिशेब करायला बसावं.